आई, डिझेल घ्यायची की पेट्रोल?

आपल्याकडं गाडीचा विषय बहुतेक घरांत ऊसबिलाच्या आगेमागे निघतो. बिद्रीच्या कारखान्याचा बॉयलर पेटतो, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात, आणि जेवताना पोरगं हळूच म्हणतं, "पप्पा, औंदा थार घेऊया की." पप्पा ताटातून मान वर न करता म्हणतात, "पैसं काय झाडाला लागल्यात?" विषय मिटला असं आपल्याला वाटतं. पोराच्या मोबाइलवर मात्र तो रात्री उशिरापर्यंत चालूच असतो.

मीही तुमच्यासारखीच एक आई. घरात नववीतला मुलगा, पाचवीतली मुलगी, सासू-सासरे आणि थोडं डोंगरकडेचं शेत. फोर बाय फोर गाडी घ्यायची का, आणि घ्यायचीच तर डिझेलची की पेट्रोलची, यावर आमच्या घरात बरेच दिवस चर्चा चालली. त्यात गाडीबद्दल जे कळलं ते सांगतेच. पण पोरांबद्दल जे कळलं ते तुमच्याशी बोलायची जास्त ओढ आहे.

पोरांनी गाडीचं नाव काढलं की आपण सगळेच ठरलेलं काहीतरी बोलतो. "आधी दहावीला मार्क आण, मग बघू." नाहीतर, "गप जेव." दिवसभर शेत, नोकरी, डेअरी, शाळेची फी यांत दमून आलेला माणूस आणखी काय बोलणार? आपल्याला राग पोराचा नसतो, हप्त्याची भीती असते. पोराला एवढंच कळतं की आपण काही मागितलं की घरात आवाज चढतो. मग ते मागायचं बंद करतं आणि मित्रांत जाऊन बोलतं.

एकदा मी मुलाला विचारलं, "तुला त्या गाडीत सगळ्यांत जास्त आवडतं तरी काय?" मला वाटलं, रंग म्हणेल, मोठी चाकं म्हणेल. तो म्हणाला, "आजोबांची जीप होती ना, तशी हाय ती. आणि त्यातनं आपण सगळी रांगणा किल्ल्याला जाऊया." आजोबा पूर्वी जीपमधून गारगोटी-कोल्हापूर वडाप करायचे, म्हणजे प्रवासी न्यायचे-आणायचे. ती जीप त्यानं कधी बघितलेली नाही, फक्त गोष्टी ऐकल्यात. त्याला आजोबांच्या गोष्टीत बसायचं होतं, आणि त्याच्या शेजारी पप्पा हवे होते.

तुमच्याही पोराला एकदा विचारा. उत्तर वेगळं येईल, वर्गातल्या कुणाच्या तरी घरी नवी गाडी आलेली असेल आणि आपण मागं पडतोय असंही त्याला वाटत असेल. तेही खरंच दुखतं. त्याला हसू नका एवढंच.

आता इंजिनाचं. सासऱ्यांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं: "जीप म्हंजे डिझेल." त्यांच्या पिढीचं हे मत हवेतून आलेलं नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रानं मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली तेव्हा त्या पेट्रोलवर चालायच्या. पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी लोकांनी जुन्या जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवून घेतलं. पुढं कंपनीनंच डिझेल जीपा काढल्या. कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांनी आपल्याकडचं वडाप कित्येक वर्षं ओढलं, ते सगळं डिझेलवर. विहिरीवरचं ऑईल इंजिनही डिझेलचंच, आणि अशी इंजिनं बनवण्यात आपल्या कोल्हापूरचं नाव मोठं. त्या पिढीनं डिझेलवर घरं उभी केली, पोरं शिकवली. त्यांचा शब्द मोडताना आपला आवाज खाली असलेला बरा.

पण मधल्या काळात हिशोब बदलला. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांत लिटरमागं पंचवीस-तीस रुपयांचा फरक असायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. आता आपल्याकडं फरक बारा-तेरा रुपयांच्या आसपास असतो. वर महाराष्ट्रात डिझेल गाडीला रस्ता करही दोन टक्के जास्त पडतो. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला बारा टक्के, तर डिझेलला चौदा. सोळा लाखांच्या गाडीवर हेच बत्तीस हजार होतात. गाडीची मूळ किंमतही डिझेलची चढी असते ती वेगळीच.

आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्याचं ओझं डिझेलवर जास्त पडलं. नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. चुलीच्या धुराड्यात काजळी साचते तशी तिच्यात काजळी साचत जाते. गाडी बऱ्या वेगात, न थांबता पंधरा-वीस मिनिटं धावली की धूर चांगला तापतो आणि ती काजळी आपोआप जळून जाते. पण रोज दोन-चार किलोमीटर जायचं, थांबायचं, परत यायचं असं चाललं तर ती जळायला वेळच मिळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तरीही लक्ष दिलं नाही तर सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागते. काही डिझेल गाड्यांत डीईएफ म्हणजे युरियाचं पाणी वेगळं भरावं लागतं. ते कुठल्या मॉडेलला लागतं हे बुकिंगच्या आधी विचारून घ्या.

हा धूर गाळायची गरज मात्र खरी आहे, बरं का. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत धरलं. पोरं उंचीनं लहान, त्यांचं नाक धुराच्या नळीजवळ. जुनी डिझेल गाडी शाळेच्या फाटकात चालू ठेवून आपण गप्पा मारतो ना, तेवढं सोडूया. गाडी कुठलीही असो, थांबली की बंद करायची.

आमच्या घरी हा गुंता सोडवला तो पोरांनीच. मी एक जुनी वही दिली आणि म्हटलं, "नवी गाडी आली असती तर या महिन्यात ती कुठं कुठं गेली असती, ते लिहा." मुलगी रोज संध्याकाळी सगळ्यांना विचारत फिरायची. शाळा, क्लास, मुधाळ तिट्ट्याचा बाजार, शेत, सासूबाईंचा दवाखाना, कारखान्यावर काम. महिना संपला तेव्हा वहीत लांबचं म्हणावं असं फार थोडं होतं. कोल्हापूरच्या फेऱ्या, एक लग्न. बाकी सगळं गावाच्या आसपास. रांगणा एकदाही नव्हता. मुलाचा चेहरा जरा उतरला, पण वहीवर तो भांडला नाही, कारण ती वही त्याच्या बहिणीनं लिहिली होती आणि त्यानं बेरीज केली होती.

मग आम्ही हिशोब मांडला. तुम्हीही मांडा, आकडे तुमच्या दिवसाचे घ्या. धरा, पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी लिटरला दहा किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला साडेदहा रुपये. डिझेल ९२ रुपये आणि गाडी तेरा देते, म्हणजे सात रुपयांच्या जरा वर. किलोमीटरमागं साधारण साडेतीन रुपये डिझेल वाचवतं. आता डिझेल गाडीला कर धरून लाखभर जास्त दिले असतील, तर महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या घराला ते वसूल व्हायला जवळजवळ पाच वर्षं लागतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे दोन वर्षांच्या आतच सुटतात. हा हिशोब मुलानं वहीच्या मागच्या पानावर केला. शाळेत शाब्दिक उदाहरणांचा कंटाळा करणारं पोर त्या संध्याकाळी तीनदा गुणाकार तपासत बसलं होतं.

म्हणजे डिझेल वाईट असं मला म्हणायचं नाही. ज्यांचं रोजचं जाणं-येणं कोल्हापूर किंवा निपाणीला आहे, जे ट्रॉली ओढतात, माल भरून डोंगर चढतात, त्यांच्यासाठी डिझेल आजही शहाणपणाचंच आहे. त्यांची गाळणीही स्वच्छ राहते, कारण गाडी रोज पुरेशी तापते. भरलेल्या गाडीला चढावर पेट्रोल इंजिन जास्त पितं, हेही खरं.

ताकदीबद्दल पोरांचा आणि आजोबांचा वाद मात्र आता तितकासा उरत नाही. डिझेल इंजिन हवा इतकी दाबतं की त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं, आणि कमी फेऱ्यांत जोर देतं. पूर्वीच्या साध्या पेट्रोल इंजिनांना तो जोर नव्हता. टर्बो आल्यावर हे अंतर मिटलं. तीन दारांच्या थारचं २.२ लिटरचं डिझेल ३०० न्यूटन मीटर टॉर्क देतं, आणि २ लिटरचं पेट्रोल मॅन्युअलमध्ये ३००, ऑटोमॅटिकमध्ये ३२०. चिखलातून काढायला मदत करतो तो लो रेंजचा दांडा, आणि तो दोन्हींत असतो.

बाजारात निवडही वाटते तेवढी मोठी नाही. थार रॉक्स फोर बाय फोर हवी असेल तर डिझेलच. स्कॉर्पिओ-एनचं तसंच, फोर्सच्या गुरख्याचंही तसंच. मारुतीची जिम्नी फक्त पेट्रोल, दीड लिटरची, १३४ न्यूटन मीटरची, पण वजनाला हलकी. दोन्ही इंजिनांत फोर बाय फोर मिळते ती मुख्यतः तीन दारांची थार. म्हणून पुष्कळदा इंजिन निवडायच्या आधी घरात माणसं किती, हाच प्रश्न सुटतो. तीन दारांच्या थारमध्ये चारच जागा, मागं बसायला पुढची सीट सरकवून चढावं लागतं, आणि हार्ड टॉपला मागच्या काचा उघडत नाहीत. आमच्या धाकटीला फोंडा घाटात हमखास उलटी होते. तिला काच खाली करता येणार नाही हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग मी घरीच थांबते." ते ऐकून मला कसंतरीच झालं. घरातली गाडी आणि त्यात एक पोर घरी?

मुलीवरून आठवलं. डिझेल की पेट्रोल हे आपण मुलाला विचारतो. मुलगी तिथंच बसलेली असते, तिला कोण विचारतं? उद्या तीही चालवणार आहे. तिलाही बॉनेट उघडून दाखवा, ऑइलची पट्टी काढायला लावा.

आता जरा काळजीचं. आपल्या भागात पोरं ट्रॅक्टरवर बसतच मोठी होतात. शेतातल्या शेतात बाप स्टिअरिंग हातात देतो, पोराची छाती फुगते, आपल्यालाही बरं वाटतं. मग एखाद्या दिवशी घाई असते आणि आपणच म्हणतो, "जा रे, तिट्ट्यावरनं एवढं घेऊन ये." मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून याला मोठी शिक्षा आहे. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार, तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. पोराला नाही म्हणताना हा कायदा आपल्या कामाला येतो. "माझा विश्वास नाही" असं म्हणण्यापेक्षा "अठरा पूर्ण झाल्यावर मी स्वतः तुला शिकवीन" असं म्हटलं तर त्याचा अपमान होत नाही. त्याला वाट बघायला काहीतरी मिळतं.

आणि फोर बाय फोरबद्दल एक गोष्ट पोरांच्या कानावर आत्तापासूनच घालायला हवी. चारही चाकांना ताकद मिळते ती सुटायला आणि चढायला. थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ओल्या रस्त्यावर ही जड, उंच गाडी लहान गाडीपेक्षा लवकर थांबत नाही, आणि वळणावर तिचा तोल जास्त सांभाळावा लागतो. रील्समध्ये गाडी चिखल उडवत जाते, थांबलेली कुणी दाखवत नाही.

पाण्याचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर आपण कुणी विसरणार नाही. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, "डिझेलची हाय, जाते पाण्यातनं." डिझेलला स्पार्क प्लग नसतो, तो भिजायची भीती नसते, इतपत ते खरं. पण हवा घ्यायच्या नळीतून पाणी आत गेलं की डिझेल काय आणि पेट्रोल काय, दोन्ही इंजिनं फुटतात. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडीला ढकलतं, दोन फूट असलं तर मोठ्या गाडीलाही उचलतं. दूधगंगा किंवा वेदगंगा पुलावर आली असेल तर पोरांना घेऊन गाडी वळवायची आणि पाहुण्यांकडं मुक्काम करायचा. बापानं गाडी वळवलेली पोरानं बघितली की उद्या तोही वळवेल.

हप्त्याबद्दल बोलले नाही तर हे हितगुज अपुरं राहील. गाडीवरून नवरा-बायकोत होणारं भांडण पोरं दाराआडून ऐकतात. आपण भांडतो पैशावरून, पोराला वाटतं माझ्यामुळं झालं. आमच्याकडं मुलगा दोन दिवस थारचं नावच काढेना, तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. त्याला जवळ घेऊन सांगितलं, "तू मागितलंस यात काही चुकलं नाही. आम्ही हिशोब करतोय." पोरांपासून पैसे लपवायचे नाहीत असं मला आता मनापासून वाटतं. ऊसबिल कधी येतं, त्यातलं सोसायटीत किती कापलं जातं, दुधाचं बिल घराला कसं पुरतं, हे नववीतल्या पोराला सांगितलं तर ते घाबरत नाही. उलट आपल्याला घरात धरलंय याचा त्याला आधार वाटतो.

दिल्लीकडं दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद करायचा नियम निघाला म्हणून इथंही डिझेल घ्यायला घाबरणारे भेटतात. तो नियम निघाला तो दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरता. आपल्याकडं खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, डिझेल असो वा पेट्रोल, पुढं तपासणी करून नूतनीकरण होतं. पेट्रोल घेणाऱ्यांना धास्ती असते ती इथेनॉलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार असतात, ॲव्हरेज थोडं कमी येतं. जुनी गाडी घेत असाल तर तिच्या पुस्तिकेत बघा किंवा कंपनीत विचारा. हे इथेनॉल उसापासूनही बनतं, हे ऐकून माझी मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे आपला ऊस गाडीत?" त्या दिवसापासून ती पेट्रोलच्या बाजूची झाली.

आमच्या वहीनं कौल दिला तो पेट्रोलला, आणि घरातली सगळी माणसं नीट बसतील अशा गाडीला. सासऱ्यांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली, बेरीज बघितली आणि नातवाला म्हणाले, "तुझं बरोबर हाय. माझी गाडी दिवसभर पळायची, तुमची उभीच असणार." पप्पांनी उन्हाळ्यात रांगण्याला न्यायचं कबूल केलंय, पाटगावपर्यंत आहे त्या गाडीनं आणि पुढं चिक्केवाडीच्या जंगलवाटेनं चालत. नवी गाडी कधी येईल ते ऊसबिल ठरवेल.

तुमची वही वेगळं सांगेल. शेत लांब असेल, रोज कोल्हापूर असेल, तर बिनधास्त डिझेल घ्या. फक्त शोरूममध्ये जाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर उरकू नका, आपल्या शेताच्या वाटेनं मागा. आजीला चढता-उतरता येतं का बघा. पोरांना मागच्या सीटवर पट्टा लावून बसवा आणि गाडी कशी वाटली हे सेल्समनच्या आधी त्यांना विचारा.